बंद पाळण्यांखालची जमीन

ओसाड पडलेल्या वास्तूंमध्ये शिरून त्यांची छायाचित्रे काढण्याचा एक छंद गेल्या दहापंधरा वर्षांत जगभर पसरला असून तो आता आपल्या वर्धा जिल्ह्यापर्यंतही येऊन पोहोचला आहे. पुलगावची बंद पडलेली कापडगिरणी, पुलगाव-आर्वी या नॅरोगेज लोहमार्गावरची झुडपांत बुडालेली स्थानके, कपाशीच्या वैभवकाळातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या पडक्या शेडी अशा ठिकाणी महाविद्यालयीन तरुण सुटीच्या दिवशी जातात, गंजलेल्या लोखंडावर पडलेले उन्हाचे कवडसे टिपतात आणि ती चित्रे भ्रमणध्वनीवरून एकमेकांना पाठवितात. या छंदाची सर्वांत लोकप्रिय शाखा मात्र आपल्या जिल्ह्यात नाही, कारण तिला लागणारी वस्तूच आपल्याकडे नाही. ती शाखा म्हणजे बंद पडलेली करमणूक-उद्याने.

या चित्रांचे आकर्षण कोणालाही कळण्यासारखे आहे. युक्रेनमधील प्रिप्यात शहरातला पिवळ्या पाळण्यांचा चक्रीपाळणा आता जगातील बहुधा सर्वांत अधिक छायाचित्रित पाळणा असेल. ते उद्यान १ मे १९८६ रोजी, कामगार दिनी, सुरू व्हावयाचे होते. २६ एप्रिलला चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ ४९,००० वस्तीचे सारे शहर रिकामे करण्यात आले. जपानातील नारा ड्रीमलँड १९६१ साली उघडले, २००६ साली बंद झाले आणि पुढे दहा वर्षे, पाडले जाईपर्यंत, छायाचित्रकारांचे तीर्थक्षेत्र बनून राहिले. जेथे मुलांचा कल्लोळ असावयाचा तेथे शांतता असते, हा विरोध डोळ्यांना भिडतो. त्यात गैर काही नाही. परंतु अशी पन्नास चित्रे एकापाठोपाठ पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. या चित्रांत माणूस नसतो, आणि जमीनही नसते. म्हणजे जमीन दिसते, पण ती कोणाची, किती, कोणत्या अटीवर मिळालेली आणि आता कोणाकडे चाललेली, यांपैकी काहीही दिसत नाही. चित्रे असे सुचवितात की हे सारे काळाने केले. काळाच्या माथ्यावर खापर फोडणे सोयीचे असते, कारण काळाला ताळेबंद सादर करावा लागत नाही.

आपल्या राज्यातील उदाहरण घेऊ. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा मुंबईत शिकतो. दिवाळीत घरी आला असता त्याने गोराई खाडीपलीकडील एस्सेलवर्ल्डची, बाहेरून दिसले तेवढ्याची, काही छायाचित्रे मला दाखविली. झाडांच्या वर डोकावणारा एक सांगाडा, रिकामा रस्ता, बंद फाटक. मुलाचे मन हळवे झाले होते, कारण लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर तो तेथे गेला होता. विदर्भातल्या शाळांची मुंबईची सहल म्हणजे राणीची बाग, गेटवे, मत्स्यालय आणि शेवटच्या दिवशी बोरिवलीहून नावेने एस्सेलवर्ल्ड, हा क्रम दोन पिढ्यांनी अनुभवला आहे. ज्यांना जाता आले नाही त्यांना दूरदर्शनवरची त्याची जाहिरात पाठ होती.

हे उद्यान १९८९ साली सुरू झाले. सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाचा तो उपक्रम. याच समूहाने तीन वर्षांनी झी वाहिनी काढली, म्हणजे जमिनीवरच्या करमणुकीपासून आकाशातल्या करमणुकीपर्यंतचा प्रवास एकाच घराण्याने केला. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम उभे राहिले. या शतकाच्या पहिल्या दशकात गोराई-मनोरी-उत्तन या सबंध पट्ट्याला पर्यटन व करमणुकीचे विशेष क्षेत्र करण्याच्या योजना पुढे आल्या आणि तेथील कोळी, शेतकरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती ग्रामस्थांनी त्यांना कडवा विरोध केला. २०१९ च्या जानेवारीत समूहाच्या प्रमुखांनी कर्जफेडीतील अडचणींबद्दल धनकोंची जाहीर पत्राने क्षमा मागितली. २०२२ साली एस्सेलवर्ल्ड बंद झाले, शेजारची जलक्रीडा चालू राहिली.

उद्यान का बंद पडले याची कारणे शोधताना लोक महासाथीकडे, मुलांच्या हातातील पडद्यांकडे, नव्या स्पर्धकांकडे बोट दाखवितात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांच्याखालचा थर पाहिला पाहिजे. करमणूक-उद्यान हा विलक्षण उद्योग आहे. त्यात भांडवलाचे दोन भाग असतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी चालतात. पाळणे, झुले, घसरगाड्या यांची किंमत पहिल्या दिवसापासून घटू लागते. त्यांवर घसारा धरावा लागतो, आणि दर काही वर्षांनी नवे भयंकर खेळ आणले नाहीत तर गिऱ्हाईक येईनासे होते. जमीन मात्र काही न करता वाढत जाते. शहराच्या टोकाला, स्वस्तात, कित्येक एकरांचा सलग तुकडा घेतल्याशिवाय असे उद्यान उभे राहत नाही. वीस-तीस वर्षांत शहर तेथे चालत येते. मग एक दिवस असा उगवतो की पाळण्यावर बसणाऱ्या मुलाकडून मिळणारे उत्पन्न त्या पाळण्याखालच्या जमिनीवरील व्याजालाही पुरत नाही. त्या दिवशी उद्यान तोट्यात गेले असे आपण म्हणतो. वस्तुतः तोट्यात पाळणा गेलेला असतो, मालक गेलेला नसतो. छायाचित्रात दिसणारा गंज हा जमिनीच्या प्रतीक्षेचा काळ आहे, आणि ही प्रतीक्षा पुष्कळदा कोणत्याही खेळापेक्षा अधिक किफायतशीर ठरते.

रिकार्डोने भूखंडाच्या वाट्याची, म्हणजे खंडाची, जी मीमांसा केली तिच्यातील मूळ कल्पना हीच आहे, आणि हेन्री जॉर्जने तिच्यातून अनर्जित वाढीचा प्रश्न राजकारणात आणला. जमिनीचे मूल्य वाढले ते मालकाच्या उद्यमाने नव्हे, तर शहराने रस्ते केले, पाणी आणले, आगगाड्या वाढविल्या, लाखो माणसे येऊन राहिली म्हणून. ही वाढ समाजाने निर्माण केली. ती कोणाच्या पदरात पडावी, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

याचे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे मिळाले आहे. दिल्लीचे अप्पूघर पाहा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील हत्तीच्या पिल्लाचे नाव घेऊन ते १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानावर सुरू झाले. कंपनी खासगी, जमीन सरकारी. फेब्रुवारी २००८ मध्ये ते बंद झाले आणि जमीन सर्वोच्च न्यायालयाचा विस्तार व मेट्रो यांकडे गेली. २०१९ साली तेथे न्यायालयाच्या नव्या इमारतींचे उद्घाटन झाले. मुलांची जागा गेली याचे दुःख मानावे लागेल. पण जमीन सार्वजनिक होती म्हणून ती सार्वजनिक उपयोगातच राहिली. जेथे न्यायमूर्ती आणि वकील बसतात तेथे पूर्वी मौजेची आगगाडी फिरत असे, ही गोष्ट दिल्लीकर अजून हसून सांगतात.

बर्लिनची कथा अधिक बोधक आहे, आणि समाजवाद्यांनी तर ती दोन्ही बाजूंनी वाचली पाहिजे. पूर्व जर्मनीच्या राजवटीने १९६९ साली, आपल्या विसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, श्प्रे नदीकाठच्या वनात कुल्टुरपार्क नावाचे उद्यान उभारले. त्या देशातले ते एकमेव कायमस्वरूपी करमणूक-उद्यान होते. वर्षाला सुमारे १७ लाख लोक तेथे जात. ज्या राजवटीने आठ वर्षांपूर्वी शहराच्या मधोमध भिंत घातली तिने उभारलेला हा पाळणा होता, हे विसरण्याचे कारण नाही. भिंतीआडच्या माणसाला पाळण्यावरून भिंतीपलीकडचे दिसते की नाही, असा प्रश्न कोणा बर्लिनकराच्या मनात आलाही असेल. एकीकरणानंतर १९९१ मध्ये ते खासगी चालकाकडे गेले. त्याने प्रवेशाचे दर बदलले, नवे खेळ आणले, कर्ज काढले. २००१ च्या हंगामाअखेर ते बंद पडले आणि दिवाळे निघाले. मालकाने सहा खेळ जहाजात भरून पेरू देशात नेले. तेथेही जमेना तेव्हा 'उडत्या गालिच्या'च्या खांबात १६७ किलो कोकेन लपवून ते जर्मनीला पाठविण्याचा उद्योग झाला व तो उघडकीला येऊन त्यास सात वर्षांची शिक्षा झाली. त्याचा मुलगा पेरूच्या तुरुंगात त्याहून कितीतरी अधिक काळ अडकला. तब्बल बारा वर्षे ते उद्यान झाडीत कुजत राहिले. कुंपणावरून उड्या मारून आत शिरणाऱ्या छायाचित्रकारांनी ते जगप्रसिद्ध केले. २०१४ साली बर्लिन शहराने ते परत आपल्याकडे घेतले. २०२१ मध्ये तेथील ४५ मीटर उंचीचा चक्रीपाळणा दुरुस्तीसाठी उतरविण्यात आला. म्हणजे लोकांच्या पैशाने उभारलेली वस्तू खासगी हातांत गेली, मोडली, आणि लोकांच्याच पैशाने परत घ्यावी लागली. या व्यवहाराचा जमाखर्च कोणत्याही सुंदर छायाचित्राखाली लिहिलेला मी पाहिलेला नाही.

गोराईची जमीन दिल्लीप्रमाणे सरकारी नाही. मग तिच्याविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार काय, असे कोणी विचारील. त्यासाठी आपल्याच राज्यातील गिरणगावाचा इतिहास आठवावा. मुंबईच्या कापडगिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीनही खासगी आणि सरकारी अशा दोन्ही हातांत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा साच्यावर गेले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले की गिरणीची जमीन विकसित करावयाची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला. नियम चांगला होता. २००१ साली त्यात एक दुरुस्ती झाली: वाटणी केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची, ज्यावर शेडी उभ्या आहेत तिची नाही. गिरणी म्हणजे शेडीच असतात. एका शब्दाच्या फेरफाराने लोकांच्या वाट्याचे दोन तृतीयांश चिमटीत मावतील एवढे उरले. उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. या साऱ्या काळात लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात चेंडू घरंगळविण्याच्या खेळाचे एक झगझगीत केंद्र उघडले होते, आणि कागदोपत्री ती कामगारांच्या करमणुकीची सोय असल्याची चर्चा तेव्हा मुंबईत गाजली होती. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे, जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या गिरणीचे, पुढे काय झाले ते वर्धेकरांना सांगावयास नको. तिच्या जागेवरील मॉलमध्ये आपण चित्रपट पाहावयास जातो.

माझे म्हणणे असे की गिरण्यांच्या जमिनीला जे तत्त्व, अर्धवट का होईना, लागू झाले ते करमणुकीच्या जमिनीलाही लागू व्हावे. विकास आराखड्यात एखादा मोठा भूभाग करमणूक वा पर्यटन या कारणासाठी राखला जातो, त्यावर इतर बांधकामाला मनाई असते, आणि त्या मनाईमुळेच तो उद्योजकाला स्वस्त पडतो. हा एक करार असतो, जरी तो करार म्हणून कोठे सही झालेला नसला तरी. उद्योग बंद करून तीच जमीन निवासी वा व्यापारी उपयोगासाठी मोकळी करून मागणे म्हणजे कराराचा एक पक्ष मोडून दुसऱ्याचा लाभ तेवढा मागणे होय. तेव्हा वापरबदल मागताच जमिनीचा निश्चित हिस्सा सार्वजनिक बागा, क्रीडांगणे व घरे यांसाठी परत मिळाला पाहिजे, आणि तो मोजताना गंजलेल्या पाळण्याखालची जमीन 'बांधकामाखालची' म्हणून वगळली जाऊ नये. २००१ च्या दुरुस्तीने आपल्याला एवढे तरी शिकविले असावे.

याला अशी हरकत घेतली जाईल की अशा अटी घातल्या तर कोणी उद्योजक पुढे येणार नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा अनुभव येथे पाहण्याजोगा आहे. २०१३ साली सुरू झालेले ते उद्यान कर्जाखाली वाकले, बँकांना आपल्या येण्याबाबत तडजोड करावी लागली, आणि २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले. ते चालू राहिले. तेव्हा मालक बदलणे म्हणजे उद्यान बंद पडणे नव्हे. जोखीम मालकाची असते असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात तिच्यातला मोठा भाग बँकांच्या म्हणजे ठेवीदारांच्या अंगावर असतो. ज्यांनी जोखीम उचलली त्यांना अटी घालण्याचा अधिकार नाही, हे कोणते अर्थशास्त्र?

आता छायाचित्रातील दुसऱ्या अनुपस्थिताकडे, माणसाकडे, वळू. करमणूक-उद्यानात तिकीटवाले, यंत्रचालक, पट्टा आवळून लोखंडी दांडी नीट बसली की नाही ते पाहणारी पोरे, झाडूवाल्या, स्वयंपाकी, पाण्यात पहारा देणारे, असे शेकडो लोक राबतात. त्यांतले पुष्कळ कंत्राटी आणि हंगामी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली पाचवे-ब प्रकरण घालण्यात आले आणि मोठा उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे मालकावर बंधनकारक झाले. आपल्या चळवळीने ती मोठी मिळकत मानली. परंतु त्या प्रकरणातील 'औद्योगिक आस्थापना' म्हणजे कारखाना, खाण किंवा मळा. करमणूक-उद्यान या तिन्हींत बसत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तीच व्याख्या ठेवली, आणि कामगारसंख्येची मर्यादा १०० वरून ३०० वर नेली. पाळणा फिरवणाऱ्याला काढताना नोटीस व नुकसानभरपाई यांपलीकडे कायदा फारसे काही म्हणत नाही, आणि कंत्राटी माणसाच्या पदरात तेही क्वचितच पडते. ज्या अर्थव्यवस्थेत सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून अधिक झाला आहे तिच्यात कामगार संरक्षणाची भिंत अजून कारखान्याच्या कुंपणावरच थांबावी, हा प्रश्न आपल्या कामगार संघटनांनी अजून म्हणावा तसा हाती घेतलेला नाही.

उद्यान बंद झाल्यावर त्या साऱ्यांपैकी एकच माणूस तेथे उरतो, तो म्हणजे रखवालदार. बारा-बारा तासांची पाळी, सुरक्षा पुरविणाऱ्या मध्यस्थाकडून मिळणारा पगार, सोबतीला साप आणि कुत्री. ओसाड जागेची छायाचित्रे काढणारे त्याला चुकवून, पटवून किंवा चिरीमिरी देऊन आत जातात आणि त्यालाच वगळून चित्र घेतात. यातला धोकाही तरुणांनी ओळखावा: गंजलेली शिडी, उघडी पडलेली हौद-विहीर आणि कुजलेली फळी यांना सौंदर्यदृष्टी नसते, शिवाय कोणी आत पडले तर नोकरी जाते ती रखवालदाराची.

आपल्यातील काही साथी म्हणतील की शेतकरी गळफास घेत असताना या लेखकाला पाळणे सुचतात. हा आक्षेप वर्धा जिल्ह्यात सहज उडवून लावता येण्यासारखा नाही, आणि मी तो उडवून लावीत नाही. परंतु आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी जगभरच्या कामगारांनी केली तेव्हा त्या तिसऱ्या आठ तासांत करायचे काय, हा प्रश्न तिच्यात अंतर्भूत होता. सेवादलाच्या कलापथकांनी त्याला एक उत्तर दिले होते. बाजाराने दुसरे दिले, आणि ते महाग आहे. मोठ्या उद्यानात चौघांच्या कुटुंबाचा एक दिवस आपल्याकडील शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीत बसत नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांच्या तिकिटावर २८ टक्के, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या रांगेतला कर बसला. पुढच्या जानेवारीत तो १८ वर आणण्यात आला. कर कमी करावा या मताचा मी आहे. पण १८ चे ५ केले तरी हिंगणघाटच्या हमालाचे मूल तेथे पोहोचणार नाही. त्याच्यासाठी नगरपालिकेची बाग हेच एकमेव करमणूक-उद्यान आहे.

आणि त्या बागेचीही आता तीच गत होऊ लागली आहे. जिल्ह्यातील एका गावाच्या बागेत घसरगुंडीचा पत्रा मध्येच फाटलेला आहे, झोक्याच्या साखळ्या आहेत पण पाट नाहीत, आणि छोट्या आगगाडीचे रूळ गवतात लपले आहेत. उद्घाटनाची कोनशिला मात्र स्वच्छ आहे. उभारणीला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही, कारण तेल घालण्याच्या कामाचे उद्घाटन करता येत नाही. मग बाग चालत नाही असे सिद्ध होते, आणि ती खासगी चालकाला द्यावी असा ठराव येतो. नागपुरात अंबाझरी उद्यानाच्या जागेबाबत हेच वळण किती कटू होऊ शकते ते आपण पाहिले: करमणूक प्रकल्पासाठी जागा देण्यात आली, तेथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली पाडले गेले, आणि त्याविरुद्ध आंबेडकरी संघटनांना व नागरिकांना दीर्घकाळ धरणे धरावे लागले. प्रश्न करमणूक विरुद्ध स्मारक असा नव्हता. लोकांच्या मालकीच्या जागेविषयी लोकांना न विचारता निर्णय झाला, हा होता.

देखभालीचे बोलावयाचे तर सेवाग्रामच्या बापूकुटीकडे पाहावे. माती, बांबू आणि कवेलू. हिशेबाने पाहता एवढी नाशवंत वास्तू जिल्ह्यात दुसरी नसेल. तरी ती पडकी झालेली नाही, कारण तिच्यावर हात फिरत असतो. पुलगावची पोलादी खांबांची गिरणी पडकी झाली.

आणि घोराडची, गिरडची यात्रा घ्या. केजाजी महाराजांच्या घोराडला किंवा गिरडच्या टेकडीवरील बाबा फरीदांच्या दर्ग्याला यात्रा भरते तेव्हा पाळणेवाले येतात, एका रात्रीत खांब उभे करतात, आणि यात्रा सरली की सारे सुटे करून ट्रकवर लादून पुढच्या गावी जातात. मागे चार खड्डे आणि उसाची चिपाडे उरतात. या पाळण्याचे अवशेष कोणी टिपू शकत नाही, कारण त्याने जमीन धरून ठेवलेली नसते. ती गावाची असते आणि दुसऱ्या दिवशी गुरे चरायला मोकळी होते. याचा अर्थ यात्रेतला पाळणा आदर्श आहे असा नाही. त्यावर चढून खिळे ठोकणारी पोरे शाळेच्या वयाची असतात, सुरक्षेची तपासणी नावापुरती असते, आणि मुक्काम ट्रकखाली असतो. पण करमणूक आणि भूखंडाची साठेबाजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र बांधल्याच पाहिजेत असे नाही, एवढे त्यावरून दिसते.

तेव्हा आपल्या तरुणांनी छायाचित्रे काढणे सोडू नये. त्यांनी अधिक काढावीत. आत शिरण्यापूर्वी फाटकावरचा फलक टिपावा, कारण जागा विकली गेली की सर्वप्रथम तो बदलतो. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार घ्यावेत, नगररचना कार्यालयात जाऊन विकास आराखड्यात त्या तुकड्याला कोणता रंग आहे ते पाहावे, आणि रंग बदलण्याची सूचना निघाली की हरकतींच्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. पुष्कळदा ही मुदत संपल्यावरच आपली पत्रके निघतात. कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरले गेले होते काय, हेही विचारावे. गोराई दूर आहे. आपण पुलगावपासून सुरुवात करू शकतो. तेथे गिरणीत काम केलेली माणसे अजून गावात राहतात. कताईखाते कोठे होते, भोंगा कोठे होता, शेवटच्या दिवशी कोण कोणत्या साच्यावर होते, हे त्यांना सांगता येते. त्यांना बरोबर न्यावे आणि चित्रात उभे करावे. खाली नाव, खाते आणि नोकरीची वर्षे लिहावीत, व चित्राच्या पाठीला त्या जमिनीचा उतारा डकवावा.